वरून आभाळ दुमडा

माझ्या वडिलांना सरकारकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे भिंत. उंच, कोरडी, दिव्याखालची भिंत. पेन्शन नको, शाल नको, पेपरात फोटो नको. त्यांनी रंगवलेला खाडीचा पडदा त्या भिंतीवर पुरता उभा लावलेला त्यांना बघायचा होता, आणि तोही डोळे आहेत तोवर. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली होती. मध्ये नळीतून बघावं एवढंच उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आहे ती जपा, गेलेली परत येणार नाही.

मी रत्नागिरीत पाणीपट्टीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि लोकांना ऐकवायचं, हीच माझी नोकरी. त्यामुळे जीभ तिखट आहे हे आधीच सांगून ठेवते, मागाहून कोणी नाक मुरडायला नको. कलादालनाचं नाव लिहीत नाही. शहर केवढंसं आहे, ज्याला कळायचं त्याला कळेल.

आमचं गाव जयगडच्या रस्त्याला, थोडं आत. शिमग्याला मुंबईकर सुट्ट्या काढून यायचे, देवळासमोर मांडव घालून नाटक करायचे आणि त्या नाटकांचे पडदे बाबा रंगवायचे. मांजरपाट शिवून मोठा करायचा, सरसात भुकटीचे रंग कालवायचे आणि जमिनीवर पसरून, त्यावर अनवाणी चालत, लांब दांड्याच्या ब्रशने काढायचं. राजवाडा, जंगल, रस्ता हे तर सगळ्याच गावांकडे होतं. बाबांनी एका वर्षी कोणाला न विचारता खाडी काढली. वर भलंमोठं आभाळ, मध्ये पाणी आणि शिडाच्या होड्या, पलीकडचा डोंगर, आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, धक्क्यावर होडीची वाट बघत उभी असलेली एक बाई. पाठमोरी. अंबाड्यात अबोली, कमरेला टोपली, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली.

ती माझी आई. पाठमोरी का, तर तिनेच बजावलं होतं, गावभर माझं तोंड नाचवू नका. खांदा तसा का, तर ती तशीच उभी राहायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरात म्हणजे बाबांना, आईला आणि मला. गावाला ती कधी नीट दिसलीच नाही, कारण पडद्याच्या खालच्या भागापुढे कायम कोणी ना कोणी नट उभा असायचा.

त्यात माझा मोठा भाऊसुद्धा असायचा. दादा लहानपणीच मुंबईला काकांकडे शिकायला गेला आणि शिमग्याला यायचा तो हिरो होऊन. पल्लेदार भाषणं करायचा, टाळ्या घ्यायचा. नाटकभर आईकडे पाठ करून उभा. मी विंगेत बसून आधी तिला बघायचे आणि मग त्याला. मला तेव्हाही तो आवडत नव्हता.

आई गेली तेव्हा घरात तिचा एकच धड फोटो निघाला, आधार कार्डावरचा. ज्यांनी आपला स्वतःचा तसला फोटो पाहिलाय त्यांना मी आणखी काय सांगू. तो मोठा करून भिंतीवर लावला, तर बाबा म्हणाले, काढ तो, ही कोण बाई मला ठाऊक नाय. मी काढला. म्हणजे आई आता फक्त त्या पडद्यावर होती, आणि पडदा गावच्या घरी मागल्या पडवीत, बांबूला गुंडाळून, वर प्लॅस्टिक बांधून आढ्याला टांगलेला. आधी तो देवळाच्या माळ्यावर असायचा, देवळाला स्लॅब पडल्यावर गावाने आमच्याकडे परत धाडला होता. आता नाटकाला मागे टीव्हीसारखा मोठा स्क्रीन भाड्याने आणतात. त्यावर म्हणे पाणी हलतं.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा गावचं गाऱ्हाणं घालायचे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. कुठलंही काम सुरू करण्याआधी जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणं मागतो, एकेक वाक्य तोडून, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा’. पडदा पहिल्यांदा उभा राहिला की त्याला हळदकुंकू, नारळ आणि बाबांचं गाऱ्हाणं. आमच्याकडे माणूस अर्धवट झोपेत असला तरी गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ जातंच. मागणं काय होतं ते मागून कळतं. कधी कळतही नाही.

तर, दादा निवृत्त होऊन परत आला. भाट्याच्या बाजूला बंगला बांधला, सकाळी किनाऱ्यावर फिरायला लागला आणि फिरता फिरता त्याच्या ओळखी झाल्या. मुंबईत चाळीस माणसांवर साहेब असलेल्याला इथे कोणी ओळखत नाही हे त्याला सोसत नव्हतं. त्याच सुमारास सरकारने आमच्या कलादालनासाठी निधी मंजूर केला. नूतनीकरण होणार, लोककलेचं नवं दालन होणार, सल्लागार समिती होणार. दादा समितीत शिरला. समितीत शिरायचं तर हातात काहीतरी घेऊन जावं लागतं. त्याने बाबांचा पडदा नेला.

कलादालनाचे साहेब माझ्या घरी आले होते, आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. घाटावरचे, मृदू बोलणारे, चहा बशीत न ओतता पिणारे. आले, बाबांच्या पाया पडले. मला माणूस बरा वाटला. खोटं कशाला बोलू, आजही वाईट म्हणवत नाही. बाबांनी त्यांना एकच विचारलं.

“उभा लावणार ना? दुमडून, गुंडाळून नाय?”

“पूर्ण उंचीचा, बाबा. त्याच्यासाठीच तर भिंत काढतोय.”

बाबांनी सही केली. पेन कागदावर नेमकं कुठे टेकवायचं ते दादाने त्यांचा हात धरून दाखवलं. मग टेम्पो गावी गेला, बांबू मागून बाहेर आला म्हणून त्याला लाल फडकं बांधलं, आणि खाडी रत्नागिरीला आली. त्या संध्याकाळी बाबा जेवले पण चांगले. बांगड्याच्या तिखल्याचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि मला म्हणाले, तुझी आई आता सरकारच्या घरात ऱ्हायला गेली. मी हसले. मलाही बरं वाटलं होतं.

मार्चच्या तोंडावर मी जेवणाच्या सुट्टीत सहज कलादालनात डोकावले. आत शिड्या लावलेल्या आणि वर पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी बसवत होते. त्या जाळीत पांढऱ्या फरशा बसवायच्या. फॉल्स सीलिंग. मूळचं कौलारू उंच छप्पर, ज्याच्याखाली आमच्या मांडवासारखे दोन मांडव मावले असते, ते त्या फरशांच्या वर गेलं. खाली जे उरलं ते बँकेच्या शाखेएवढं. मी साहेबांना गाठलं.

“छत कशाला खाली आणलंत?”

“निधी त्याच कामासाठी आलाय, ताई. छत, दिवे, एसी. मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जाईल.”

“आणि पडदा?”

“त्याच्यासाठी वेगळी तरतूद नाहीये. पण काढू काहीतरी मार्ग.”

मला हे काही नवीन नाही. आमच्याकडेही नळ नसलेल्या गल्लीत मीटर बसलेले मी पाहिलेत. सरकार कलेला मदत करतं, अवश्य करतं. फक्त ती मदत छतापर्यंत येते आणि तिथून खाली उतरत नाही. साहेबांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते मान खाली घालून ऐकत राहिले, त्यामुळे तर आणखीच संताप आला.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. दादाला वाटेतच फोन केला होता, तो म्हणाला, बाबांना सांगू नकोस, उगाच त्रास होईल. मी म्हटलं, त्रास व्हायचाच आहे तर वेळेत होऊ दे. बाबा पायरीवर बसले होते. हाताने हवेत उंची मोजत राहिले, इथवर आभाळ, इथवर डोंगर.

“वरून आभाळ दुमडा म्हणावं,” ते म्हणाले. “आभाळाचं काय, ते कुठूनपण कमी केलं तरी आभाळच. खाली हात लावू नका. खाली अज्जिबात हात लावू नका.”

हे त्यांनी मला फोन लावायला लावून दादालाही सांगितलं, हेच शब्द. फोन स्पीकरवर होता. दादा म्हणाला, होय बाबा, होय, सांगतो, काळजी करू नका. त्याच्या मागे कुणीतरी मिक्सर लावला होता. ‘होय’ तीनदा म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण दादा ऐकत असला की वाद घालतो.

उद्घाटनाला बाबांना पांढरा सदरा घातला. त्यांच्या टोपीला मी इस्त्री केली. दारात रांगोळी, सनई लावलेली, मुंबईहून आलेले मोठे पाहुणे, पुढच्या रांगेत दादा आणि वहिनी. दादाच्या छातीवर बिल्ला. फीत कापली, समई लागली आणि सगळे आत गेले. मी बाबांचा हात धरून शेवटी.

भिंतीवर खाडी नव्हती. भिंतीवर काचेच्या फ्रेमा होत्या, एका रांगेत, सारख्या अंतरावर, प्रत्येकीवर एकेक दिवा. पहिल्या फ्रेममध्ये आभाळ. दुसऱ्यात आभाळ आणि थोडा डोंगर. मग होड्या. मग पाणी. शिवलेलं मांजरपाट कात्रीने कापून, ताणून, काचेखाली घातलेलं. सुंदर दिसत होतं, हे मला सांगावं लागतं. बाजूला पितळी पट्टीवर बाबांचं नाव. पाहुणे म्हणाले, वा, अगदी परदेशात असावं तसं.

बाबा पहिल्या फ्रेमच्या इतके जवळ गेले की नाक काचेला लागलं. ती नळीएवढी नजर त्यांनी वरून खाली नेली. मग दुसरी फ्रेम. मग तिसरी. प्रत्येकीचा खालचा उजवा कोपरा आधी हाताने चाचपायचे, मग डोळा न्यायचे. शेवटची फ्रेम संपल्यावर त्यांनी पुढच्या रिकाम्या भिंतीवरही हात फिरवला. मागे लोक थांबले होते. कुणीतरी म्हणालं, कलावंत आपल्या कलेला भेटतोय. मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

“खालचं कुठाय?” बाबांनी विचारलं.

“खालचा पट्टा फार कुजला होता, बाबा,” साहेब म्हणाले. “मळका होता, कसर लागली होती. जो चांगला भाग होता तो आम्ही जतन केलाय. पडदा एकसंध लावायला उंची पुरेना.”

“ठेवलाय कुठं तो पट्टा?”

साहेबांनी कामं करून घेणाऱ्या कंत्राटदाराकडे पाहिलं. तो पोरगेला माणूस, त्याने काही लपवलं नाही. भिंती रंगवताना डब्यांखाली अंथरला होता, म्हणाला. रंग सांडला, मग घंटागाडीत दिला. इतक्या सरळपणे सांगितलं की कुणी ओरडलंही नाही. ती घंटागाडी माझ्या ऑफिसच्या मागच्या अंगणात धुतात. रोज मी तिच्या वासाने खिडकी लावून घेते.

मी दादाकडे वळले. हळू आवाजातच बोलले, लोक होते.

“तुला बाबांनी काय सांगितलं होतं?”

“अगं, साहेबांनी मला फोन केला होता, खालचं सडलंय म्हणून. म्हटलं, योग्य वाटेल ते करा. आता सडकं कापड काचेत घालायचं का?”

“आई होती त्यात.”

“कुठे?”

त्याने खरंच विचारलं. सोंग नव्हतं. इतकी वर्षं तिच्याकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस, त्याला कुठून माहीत असणार. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, की आता ज्येष्ठ कलावंत आपल्या मातीतली परंपरा, म्हणजे गाऱ्हाणं, सादर करतील. ते कार्यक्रमात आधीच छापलेलं होतं. मला वाटलं बाबा नाही म्हणतील, घरी चल म्हणतील. ते म्हणाले, मला तिथवर ने. मी नेलं. समोर कॅमेरा लावलेला होता. बाबांनी टोपी नीट केली आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.” सगळा हॉल. शिपाई, पोलीस, शिक्षक, रांगोळी काढणाऱ्या बायका, सगळे इथलेच.

“आज ह्या सरकारच्या घरात तुझी लेकरं गोळा झाल्येत म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.”

“पावणे लांबून आल्येत, त्यांची गाडी सुखरूप घरी जाऊ दे म्हाराजा. सायबांची बदली त्यांच्या मनासारखी होऊ दे म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा.” लोक हसले. साहेबही हसले. शेजाऱ्याला विचारून त्यांनीही हात जोडले आणि सगळ्यांच्या क्षणभर मागून तेही म्हणायला लागले. बाबांचा सूर तसाच होता, लग्नघरी असावा तसा. त्यात काडीचा फरक झाला नाही.

“आणि म्हाराजा, ज्यानं ह्यो पडदा घरातून भायेर दिला…”

“व्हय म्हाराजा.”

“ज्यानं त्याला कातर लावली, आणि ती लावताना ज्यानं हो म्हटलं…”

“व्हय म्हाराजा.”

“त्याचं जे कोण जिवाभावाचं असंल, ते त्याला शेवटच्या येळंला दिसू नये म्हाराजा. पाठमोरंपण दिसू नये.”

“व्हय म्हाराजा.”

सर्वांत मोठा आवाज दादाचा. जुना नट तो, आवाज अजून खणखणीत. तोंडातून शब्द गेल्यावर त्याचा चेहरा बदलला, मी बघत होते. वहिनीने त्याचा दंड धरला, कारण तिनेही म्हटलं होतं. साहेब तसेच क्षणभर मागून म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले. मीही म्हटलं. मग टाळ्या पडल्या, खूप वेळ. पाहुण्यांनी बाबांना शाल घातली आणि म्हणाले, हे सगळं टिकवलं पाहिजे.

त्यांनी ते टिकवलं. पुढच्या निधीत ध्वनियंत्रणा बसली. आता त्या फ्रेमांच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबलं की बाबांचा आवाज येतो, सगळं गाऱ्हाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मागे हॉलचा ‘व्हय म्हाराजा’. दादाचा आवाज वेगळा ओळखू येतो.

दादा पावसाळ्यात घरी आला. त्याची मुलगी कॅनडात असते. तिचं पोटातलं बाळ गेलं होतं आणि ती स्वतःही बरेच दिवस दवाखान्यात होती. त्याला व्हिसा मिळाला नाही. ती आता बरी आहे, पण दादा तेव्हापासून झोपत नव्हता. तो बाबांच्या पायाशी जमिनीवर बसला, पँटच्या इस्त्रीची पर्वा न करता. मी तांदूळ निवडत होते, ते निवडत राहिले.

“गाऱ्हाणं फिरवा, बाबा,” तो म्हणाला. घातलेलं गाऱ्हाणं परत फिरवता येतं आमच्याकडे, ज्याने घातलं त्यानेच नारळ ठेवून. “मी पाया पडतो. मला ठाऊक नव्हतं आई तिथे आहे ते.”

“पडदा उभा कर, फिरवतो,” बाबा म्हणाले.

“ते कसं करू? राहिलाच नाही तो.”

“मग मी तरी कशापुढं नारळ ठेवू?”

दादा रडला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मग दादाला राग आला, त्याचा नेहमीचा, समितीतला राग. म्हणाला, घराबाहेर पडदा तुम्हीच दिलात, सही तुमची आहे, मग तुम्हालाही लागेल ते.

“लागलंच हाय,” बाबा म्हणाले. “मी मला धरूनच म्हटलं. सोडायचं कुणाला?”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. इतके महिने मी मनातून खूश होते, बापाने कसा एकेकाचा हिशेब केला म्हणून. मला वाटलं होतं, तो वरून घातलेला घाव आहे. बाबा स्वतः त्याच्याखाली उभे होते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दादाने ते बटण काढून घ्यावं म्हणून खटपट केली. मृदू बोलणाऱ्या साहेबांची बदली झाली होती, मनासारखी, पुण्याला. नव्या बाईंनी सांगितलं, सरकारी निधीतून घेतलेली वस्तू आहे, अशी काढता येत नाही. आणि लोकांना सगळ्यात जास्त तेच आवडतं.

बाबांची नजर दिवाळीनंतर पुरती गेली. मध्यंतरी ते म्हणाले, मला तिथं घेऊन चल. मी नेलं. त्यांना फ्रेमांपुढच्या बाकावर बसवलं, पण त्यांनी तोंड भलत्याच भिंतीकडे केलं होतं. तिथे आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. मी त्यांना वळवलं नाही. खेडकडचं कुणाचं तरी कुटुंब आत आलं, आईबाप, आत्या, पोरं. पोरांनी बटण दाबलं. बाबांचा आवाज सुरू झाला तशी ती माणसं जिथल्या तिथे थांबली, हात जोडले गेले, आणि दर वाक्याला म्हणत गेली, शेवटच्या वाक्यालाही.

बाबा कान देऊन ऐकत होते. पाठमोरंपण दिसू नये, हे त्यांचंच वाक्य आलं तेव्हा त्यांनी त्या लाल नळकांड्याकडे हात जोडले आणि सगळ्यांबरोबर म्हणाले, “व्हय म्हाराजा.”